समोरचा पक्ष

मी पहिल्यापासून दुखण्याला भिते. मरणाला तेवढी नाही. लहानपणी शाळेत लस टोचायला नर्सबाई आल्या की मी सतरंज्यांच्या ढिगामागे लपून बसे. गार्गीच्या वेळी लेबर रूममध्ये मी एवढा आरडाओरडा केला, की आमच्या डॉक्टरीणबाई पुढे कितीतरी वर्षं भाजीबाजारात मला पाहून हसायच्या. त्यामुळे पाठीचे मणके झिजल्याचं निदान झालं आणि डॉक्टर पेंढारकरांनी चकतीचा विषय काढला, तेव्हा मी कागद वाचायच्या आधीच हो म्हणून बसले. वाचला तो घरी आल्यावर, चष्मा पुसून, तीनदा.

चकती कशी चालते ते डॉक्टरांनी मला पाच मिनिटांत सांगितलं. समजायला मला दोन महिने लागले. मज्जारज्जू दुखण्याचा निरोप वर मेंदूला पाठवतो आणि पोचपावतीची वाट बघतो. औषधाने तो निरोप वाटेतच अडवला तर पोचपावती येत नाही, मग तो तोच निरोप आणखी मोठ्याने पाठवतो. म्हणून दाबून टाकलेलं दुखणं काही आठवड्यांनी दुपटीने उसळतं. मानेखाली कातडीच्या आत बसवलेली चकती निरोप उचलते आणि दुसरीकडे धाडते. शास्त्रज्ञांनी आधी पोचपावती यंत्राकडून देऊन पाहिली. चार-पाच दिवस मज्जारज्जू फसायचा, मग ओळखायचा. शेवटी कळलं ते असं, की पोचपावती जिवंत मेंदूचीच लागते, पण तो मेंदू आपलाच असला पाहिजे असं काही नाही.

म्हणजे दुखणं कुणाला तरी दुखावंच लागतं. कुणाला, याच्याशी नसांना देणंघेणं नसतं.

हे कळल्यावर त्याचा बाजार उभा राहायला वर्षही लागलं नाही. करार हातात पडला तेव्हा मला हसूच आलं, कारण त्यातली भाषा माझी होती. माझ्या तरुणपणाची.

१९९९ साली, गार्गी पोटात होती तेव्हा, आमच्या बँकेच्या फोर्टमधल्या ऑफिसात व्याजदरांचे स्वॅप नवीनच आले होते. डीलर मंडळी काचेआड फोनवर ओरडायची आणि त्यांनी तोंडी केलेले सौदे कागदावर आणायचं काम आम्हा दोघींकडे, माझ्याकडे आणि विजया सामंतकडे. स्वॅप म्हणजे अदलाबदल. एका कंपनीचं कर्ज चढउताराच्या व्याजाने असतं; बाजार चढला की तिची झोप उडते. दुसरी म्हणते, तुझा चढउतार मी सोसते, तू मला ठरलेले सात टक्के दे. ठरलेली ती फिक्स्ड बाजू, तरती ती फ्लोटिंग. दर तीन महिन्यांनी रीसेटचा दिवस. त्या सकाळी जो दर निघेल तो पुढचे तीन महिने. पूर्ण रकमा इकडून तिकडे फिरत नाहीत, दोन्ही बाजूंतला फरक तेवढा जातो, त्याला नेटिंग म्हणायचं. आणि ज्या शंभर कोटींवर हा सगळा हिशेब, ते मुद्दल जागचं हलतसुद्धा नाही. नावापुरतं. नोशनल.

"मिरवणुकीतल्या हत्तीसारखं," विजया म्हणायची. "सगळे त्याच्याकडे बघतात, पण तो कुणी कुणाला देत नाही."

समोरच्या बँकेचं पत्र आलं की आमच्या पत्राशेजारी ठेवायचं, फूटपट्टी लावून एकेक ओळ ताडायची: सौद्याची तारीख, मुद्दल, स्थिर दर, रीसेटचे दिवस, मुदत. जुळलं की लाल पेन्सिलीची टीक. विजयाने लिहायचं, मी तपासायचं. चोवीस वर्षांत न ताडता मी एकही सही केली नाही. एकदा मी गुप्ते साहेबांना विचारलं होतं, व्याज भडकलं तर त्या समोरच्यांचं काय होत असेल हो? साहेब चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "काउंटरपार्टीला चेहरा नसतो, बाई. कोड असतो."

मला ते पटलं होतं.

चकतीच्या करारात माझी स्थिर पातळी तीन ठरली. दहापैकी तीन, म्हणजे पाठीत सतत एक जुना, ओळखीचा ठणका. माझं खरं दुखणं पाच असलं तरी मला तीनच जाणवणार. वरचा फरक दिवसभर साठून रोज दुपारी चार ते सहा या वेळात समोरच्याला पोचणार. खरं दुखणं तीनच्या खाली गेलं तरी मला तीनच, आणि उरलेला लाभ समोरच्याला: अंगभर हलकेपणा, गाढ झोपेतून उठल्यासारखा. त्या हलकेपणासाठीच तर धडधाकट माणसं समोरची बाजू घेत. मुदत तीस महिने. दर तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी अकरा वाजता रीसेट. नावं दोघांनाही कळणार नाहीत. मुदत संपायच्या आत कळली तर करार गोठणार, म्हणजे तो ना मोडता येणार ना दुसऱ्याच्या गळ्यात घालता येणार. कुणी समोरच्याला हुडकून त्याच्या पाया पडू नये, म्हणून हा नियम.

पहिलं वर्ष छान गेलं. माझी पातळी दोनच्या आसपास असायची. ऑगस्टच्या रीसेटला ती ५.४ निघाली. मला काहीच फरक जाणवला नाही.

मग ऑक्टोबरच्या शेवटच्या मंगळवारी डॉक्टर पेंढारकरांनी दार लावून घेतलं आणि मला सांगितलं की ही झीज नाही, कॅन्सर आहे, कण्यात पसरलाय.

"किती दिवस?"

"वर्ष. सव्वा वर्षसुद्धा. पण दुखणं वाढणार, मालतीबाई. सोमवारच्या मोजणीत आठच्या वर जाईल. पुढे नऊ."

"मला नऊ?"

"तुम्हाला नाही. तुम्हाला तीनच. फेब्रुवारी दोन हजार चव्वेचाळीसपर्यंत तीनच."

मला रडू आलं, ते सुटल्याचं. खोटं कशाला सांगू? येताना मी कोपऱ्यावरच्या बाईकडून सीताफळं घेतली आणि भावावरून तिच्याशी घासाघीसही केली.

गुरुवारी दुपारी अनारशाचं पीठ घेऊन गार्गीकडे गेले. गार्गी माझी एकुलती एक. नाशिकमध्येच, माझ्यापासून दहा मिनिटांवर राहते आणि परदेशी जाणाऱ्या द्राक्षांची तपासणी करणारी प्रयोगशाळा सांभाळते. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा नचिकेत अपघातात गेला, तेव्हापासून एकटीच. चारच्या सुमाराला मी सहसा कुठे जात नाही, पण पीठ आंबट व्हायला लागलं होतं.

"ये ये. फ्रिजमध्येच ठेव गं तो डबा," ती आतून म्हणाली.

फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली एक पिवळं पत्रक होतं. तसंच माझ्या स्वयंपाकघरातही आहे. चकती असलेल्याने ते घरात दर्शनी जागी लावायचं असतं, अचानक काही झालं तर धावून येणाऱ्यांना कळावं म्हणून.

"गार्गी, हे काय?"

ती हात पुसत आली आणि लाजल्यासारखी हसली. "रागावू नकोस हं. तू यायची असलीस की काढून ठेवते मी तो कागद, आज राहिला. मी पण घेतलीय चकती. समोरची बाजू."

"कुणाचं तरी दुखणं घेतेस तू?"

"अगं, वर्षभर दुखणं कसलं, नुसता हलकेपणा! नचिकेत गेल्यापासून पहिल्यांदा सकाळी उठून केस विंचरावेसे वाटले मला. ऑगस्टपासून जरा जड जातंय. त्या बिचाऱ्याचं काहीतरी वाढलंय. सोमवारी उतरेल."

"अगं पण..."

"आता तू मला बोलू नकोस. तुझंही कुणीतरी घेतंच आहे ना? मग मी कुणाचं तरी घेतलं तर काय बिघडलं?"

ती पीठ वाटीत काढायला वळली. माझी नजर पत्रकावरच होती. मी काही ठरवून वाचलं नाही; चोवीस वर्षांची सवय, डोळे आपोआप ओळीवर गेले. सौद्याची तारीख १४ ऑगस्ट २०४१. स्थिर पातळी ३.०. मुदत तीस महिने. आता या तारखेला नाशिकमध्ये शंभर करार झाले असतील, अशी मी मनाची समजूत घातली. मग मुद्दलाची ओळ आली. चकतीच्या करारात मुद्दल म्हणजे दुखणाऱ्या शरीराचा आकडा. त्याच्या नसा मोजून तो काढतात, हिशेबापुरता. दोन शरीरांचा एक आकडा नसतो. तिच्या पत्रकावर लिहिलं होतं ४१,७३०.

माझ्याही ४१,७३०.

सगळ्या ओळी जुळल्या.

नसांचा मेळ जिथे उत्तम बसतो तो समोरचा पक्ष यंत्र निवडतं, असं करारात एक वाक्य होतं. रक्ताच्या नात्यात तो सगळ्यात उत्तम बसणार, हे एखाद्या शाळकरी पोरालाही सुचलं असतं. यंत्रापासून नावंच लपवली होती, मग त्याला कोण सांगणार?

"आई, चहा टाकू?" गार्गीने घड्याळाकडे पाहिलं. चारला दोन मिनिटं कमी होती. "नको, थांब, तूच टाक हं. मी जरा पडते आत. रोज या वेळेला पडावं लागतं."

ती आत गेली आणि तिने कडी लावली.

मी दाराशी उभी राहिले. आधी आतून बाथरूमचा नळ सोडल्याचा आवाज आला, मोठा. त्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता, दात दाबून धरल्यावर घशातून निघतो तसा. थोडा थांबायचा, परत यायचा. माझ्या पाठीत मात्र तोच शांत तीनचा ठणका. मी दाराच्या लाकडावर हात ठेवला. ५.४ चं हे असं. सोमवारपासून आठ, पुढे नऊ. आणि मला बोलायची सोय नाही. मला कळलंय हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं; मी तोंड उघडलं आणि तिला कळलं, की करार गोठला, मग सव्वा वर्ष तिची सुटका नाही. इतकी भीती मला स्वतःच्या दुखण्याचीही कधी वाटली नव्हती. निदान तोवर वाटली नव्हती.

सहा वाजता ती बाहेर आली. केस ओले, चेहरा धुतलेला. "अगं, तू चहा टाकलाच नाहीस!"

शुक्रवारी दहाच्या ठोक्याला मी चकतीच्या केंद्रात हजर. तिथे ईशान पाटकर नावाचा तरुण अधिकारी आहे, फार सज्जन मुलगा. मी म्हटलं, मला समोरचा पक्ष बदलून हवा आहे. कारण विचारू नकोस.

"नोव्हेशन? होईल की, मॅडम," तो म्हणाला. जुन्या पक्षाला मोकळं करून त्याच्या जागी नवा बसवायचा, बाकी करार तसाच. आमच्या वेळीही त्याला हेच नाव होतं. त्याने पडद्यावर बोट फिरवलं. "तुमचं नशीब चांगलं आहे. एक पक्ष तयार आहे. नसांचा मेळ ठीक बसतोय. आजच सही केलीत तर रीसेटच्या आत काम होईल."

"त्यांना माहीत आहे का, की माझं..."

"त्यांना आजची पातळी दिसते, ५.४. मंगळवारचा तुमचा रिपोर्ट सोमवारच्या मोजणीनंतर हिशेबात येईल." त्याने माझ्या नजरेला नजर दिली नाही. "नियमात बसतं ते, मॅडम."

मी पहिल्या पानावर सही केली. खरंच केली. डोळ्यांपुढे फक्त गार्गीची कडी लावलेली खोली होती. दुसऱ्या पानावर खाली छापलं होतं, 'समोरच्या पत्रकाशी ताडून पाहिले', आणि त्यापुढे सहीची जागा.

"ते नुसतं फॉर्मपुरतं आहे," ईशान म्हणाला. "कुणी बघत नाही."

"मी बघते. पत्रक दे."

त्याने सुस्कारा टाकून छापून दिलं. नाव काळं केलेलं, पत्ता काळा केलेला. मी पट्टी मागितली. त्याच्याकडे नव्हती, मग पाकिटाची कड लावून एकेक ओळ उतरत गेले. तारीख, पातळी, मुदत. शेवटी 'तातडीच्या वेळी कुणाला कळवावे'. तिथलं नाव आणि फोन नंबरही काळा केला होता. शेजारचा छोटा रकाना मात्र कुणाच्या ध्यानात आला नसावा. नाते: आई.

मी बराच वेळ त्या दोन अक्षरांवर पाकीट धरून बसले. कुठल्या गावची असेल, काय वयाची असेल? तिच्या लेकीने नाही तर लेकाने कशासाठी हे घेतलं असेल? कडी लावून नळ सोडल्यावर ती बाई दाराबाहेर उभी राहील, आणि तिला कुणी काही सांगणार नाही. वर्षभर मीही तिच्यासारख्याच कुणाला तरी कोड समजून सुखाने झोपत होते.

"करार मोडायचा झाला तर?" मी विचारलं.

ईशानने हातातलं पेन खाली ठेवलं. "मॅडम, मार्क टू मार्केट करावं लागेल. म्हणजे उरलेल्या पंधरा महिन्यांत जेवढा फरक जाणार होता..."

"त्याची आजची किंमत काढायची आणि मोडणाऱ्याने ती एकदम चुकती करायची. माहीत आहे मला. मी ते आकडे हाताने काढलेत, बाळा. किती निघतात?"

त्याने डॉक्टरांचा अंदाज घालून हिशेब केला. मज्जारज्जू एवढे महिने दुसरीकडून पोचपावती घेत आलेला. एकदम परत जोडला तर फुटेल, म्हणून ते साठलेलं मोजून, बेताने सोडावं लागतं. "चार तास दहा मिनिटं. पातळी नऊच्या वर. भूल देता येत नाही, कारण पोचपावती..."

"जागेपणीच द्यावी लागते." मी त्याचं वाक्य पुरं केलं. "काही कमी नाही होणार?"

"मॅडम, ही काय मेथीची जुडी आहे?" तो हसायला गेला आणि त्याचे डोळेच भरून आले. "आणि नंतर चकती बंद. पुढचं सगळं गोळ्यांवर. तीन-बिन काही नाही. विचार करा. नव्या पक्षाची सही तयार आहे."

विचार कसला करते? मी घरी आले आणि भीतीने मला दोनदा उलटी झाली. देवापुढे बसले, तर देवाला काय मागावं तेच सुचेना. तो सोमवार टळावा एवढंच मनात. संध्याकाळपर्यंत मी चार वेळा ईशानचा नंबर काढला, नोव्हेशनला हो म्हणायला. चौथ्या वेळी त्याने फोन उचलला. मी म्हटलं, "उद्या सकाळी. मोड." आणि तो काही बोलायच्या आत ठेवून दिला, कारण पुढचा शब्द उलटा निघाला असता.

शनिवारी नऊ वाजता मी केंद्रातल्या कॉटवर पडले. खोली स्वच्छ होती. भिंतीवर घड्याळ नव्हतं, त्याबद्दल मी मनात आभार मानले. ईशानने माझ्या दोन्ही हातांत चिंध्यांचे बोळे दिले. "ओरडलात तरी चालेल, मॅडम. बाहेर ऐकू जात नाही."

"मी ओरडणारच आहे," मी म्हटलं. "थांब. जरा थांब. अजून नको." तो थांबला. मी तीनदा असं केलं. चौथ्यांदा मला बोलवेना, मग मी मान हलवली.

त्या तासांचं वर्णन मला येत नाही. पाठ ही माझ्यामागे असलेली गोष्ट राहिली नाही, मीच तिच्या आत कुठेतरी होते. ओरडून ओरडून आवाज बसला. आई आठवली, तिला हाका मारल्या. मधे केव्हातरी ईशान म्हणाला, "दोन तास झाले," आणि मला वाटलं तो दोन दिवस म्हणाला. कितीतरी वेळा मी त्याला म्हटलं, दे, त्या नव्या माणसाला दे, मी सही करते. त्याने ऐकलं नाही. करार मोडल्यावर तसं करताच येत नाही. नसतं तसं, तर मी दिलं असतं.

तीन तास होऊन गेल्यावर उशाशी ठेवलेला फोन वाजला. ईशान तो बंद करायला गेला. पडद्यावर गार्गीचं नाव पाहून मी बोळा टाकला आणि फोन घेतला. वर्षानुवर्षं ती हाक मारणार आणि मी ओ देणार, एवढंच अंगात उरलं होतं.

"आई! ऐक ना, केंद्राचं पत्र आलं. माझा करार मोडला समोरच्याने! मी मोकळी!" तिचा आवाज लग्नाआधीचा वाटला. "आई, तो माणूस गेला असेल का गं?"

मी जीभ दातांत धरली. "नाही," मी म्हटलं. "बरा... झाला असेल."

"तुझा आवाज असा का? झोपली होतीस का? बरं, एक विचारायचं होतं. केंद्रातून लगेच फोनही आला, दुसरा एक तयार आहे म्हणे. पातळी एक पॉइंट आठ. म्हणजे परत तो हलकेपणा, आई! सोमवारपासून सुरू. तू कागद वाचून देशील ना? तू हो म्हण, मी लगेच कळवते."

पाठीत पुन्हा तो लोट आला. मी उशीत तोंड खुपसलं. एक पॉइंट आठ. माझंही दोनच होतं. तिला न सांगता, तिला न दिसता मी सगळं उरकणार होते. चहाला जाऊन अनारसे तळणार होते. आता करार मोडला होता. बोलायची बंदी संपली होती, पण शब्दांनी ती ऐकणार नव्हती. आजवर गार्गीला मी माझं रडकं तोंडसुद्धा दाखवलेलं नाही; नचिकेत गेला तेव्हाही पदर लावूनच रडले.

"आई? हो म्हणू ना?"

"थांब," मी म्हटलं. "आधी बघ."

"काय बघू?"

मला बटण सापडेना. ईशानने माझं बोट धरून ते कॅमेऱ्याच्या खुणेवर ठेवलं, आणि मी दाबलं. पडद्यावर गार्गी आली, केस विंचरलेले, हसरी. मग तिला मी दिसले, केंद्राच्या कॉटवर.

तिचं हसू जागीच थांबलं. ती ओरडली नाही. तिचा हात आपोआप मानेमागे, चकतीवर गेला.

"किती वाजल्यापासून?" तिने विचारलं.

"नऊ."

"अजून किती?"

ईशान म्हणाला, "एक तास."

"फोन बंद करू नकोस, आई," गार्गी म्हणाली. ती चपला शोधत होती, पडदा हलत होता, जिन्याच्या पायऱ्या दिसत होत्या. "ओरड. मी ऐकतेय. ओरड तू."

मी ओरडले.